वीतभर पुढे

“बैल बिचकला तर त्याच्या जागी तुमास्नी जुंपीन, पाहुणं,” मामा खालून म्हणाले.

मामा म्हणजे माझे सासरे, रंगराव घार्गे. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात आणि जावयाला पाहुणा. लग्नाला वीस वर्षं उलटली, जावयाचे केस पिकले, तरी पाहुणपण काही संपत नाही. मी त्या वेळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभा राहून ट्रायपॉडवर कॅमेरा बसवत होतो. खाली शर्यतीचं मैदान होतं, आणि मैदानाच्या शेवटाला दोन बाजूंना रोवलेले निशाणाचे दोन बांबू बरोबर माझ्या समोर होते.

“कशाला बिचकेल?”

“त्यो तुमचा खट-खट-खट आवाज. सकाळी ऐकलाय म्या. पाखऱ्याला न्हाई चालायचा.”

पाखऱ्या हा त्यांचा बैल. मैदानाच्या दोन्ही अंगांना हलग्या तडतडत होत्या. निवेदक भोंग्यांतून असा ओरडत होता की त्याला मुळात भोंग्यांची गरज नव्हती. कुणीतरी मधूनमधून फटाक्यांची माळ लावत होतं. यातल्या कशालाच पाखऱ्याची हरकत नव्हती. माझ्या शटरला होती.

“आवाज बंद करता येतो, मामा,” मी म्हणालो. हे म्हणताना मला जो आनंद झाला तो लपवण्याचा मी प्रयत्न केला नाही. हा कॅमेरा घेताना मी बायकोला ज्या काही गरजा पटवल्या होत्या त्यांत ‘मूक शटर’ ही एक होती, आणि ती आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी खरोखर लागत होती. मी बटण फिरवलं, फोटो काढला, आणि मामांना पडद्यावर दाखवला.

“काढला बी?”

“काढला.”

“ह्ये चोराच्या कामाला बरं हाय,” मामा म्हणाले आणि बैलाकडे निघून गेले.

मी तालुक्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. माणसाच्या गरजा अमर्याद आणि साधनं मर्यादित असतात, हे वर्गात सांगतो आणि घरी येऊन नव्या लेन्सांची परीक्षणं वाचत बसतो. त्या काळात एका साप्ताहिकात माझं ‘कॅमेरा घेताना’ नावाचं सदर चालू होतं. बॉडीपेक्षा लेन्सवर खर्च करा, मेगापिक्सेलच्या आकड्यांना भुलू नका, ट्रायपॉड स्वस्तातला घेतलात तर कॅमेरा महागात पडेल, असं मी दर आठवड्याला लिहायचो. लोक कात्रणं जपून ठेवायचे आणि मेव्हण्याने सांगितलेला कॅमेरा घ्यायचे. स्वतःचे फोटो म्हणाल, तर माझी बायको शैलजा पाहुण्यांना सांगायची, “यांनी कॅमेऱ्याने सगळ्यात जास्त फोटो काढलेत ते दुसऱ्या कॅमेऱ्यांचे.” तेही खोटं नव्हतं. आमच्या घरात भिंतीवर माझा एकही फोटो नव्हता. भिंतीवर होतं ते बँकेचं कॅलेंडर.

शर्यतींवरची बंदी नुकतीच उठली होती. ती लागण्याच्या थोडंच आधी मामांनी पाखऱ्याला खोंड असताना आणलं होतं. हा बैल मैदान मारणार, असं त्यांनी त्याच दिवशी गावाला सांगून टाकलं. मग बंदी आली. मामा दररोज पहाटे त्याला माळावर पळवायचे, त्याला खुराक घालायचे, आणि कोर्टात काय चाललंय ते पेपरातून मोठ्याने वाचून दाखवायचे. आम्हाला नाही, पाखऱ्याला. तारखा पडत गेल्या आणि बैल उतरणीला लागला. बंदी उठली तेव्हा त्याच्यात एकच मैदान उरलं होतं, हे मामा सोडून कुणी बोलत नव्हतं, आणि मामाही फक्त एकदाच बोलले. शैलजाला म्हणाले, “औंदा न्हाई तर मग न्हाईच, पोरी.”

निकालावरून भांडणं व्हायची ती जुनीच रीत. झेंडा घेतलेला पंच एका गावाचा, तर दुसरं गाव त्याच्या डोळ्यांवर शंका घ्यायचं. म्हणून यात्रा कमिटीने ठरवलं की या वेळी निशाणावर कॅमेरा लावायचा आणि अटीतटीचा निकाल फोटोवर द्यायचा. पंचक्रोशीत चांगला कॅमेरा कुणाकडे, याबद्दल दुमत नव्हतं. चांगला जावई कुणाकडे, याबद्दल मात्र गुलाबराव फडतऱ्यांचं मत वेगळं होतं.

फडतरे शेजारच्या पिंपळदऱ्याचे. त्यांची जोडी त्या मोसमात एकही मैदान हरली नव्हती. थोड्या वेळाने मामांच्या पाठोपाठ ते ट्रॉलीपाशी आले, माझ्या लांबलचक पांढऱ्या लेन्सकडे तोफेकडे बघावं तसं बघत राहिले, आणि मग मामांकडे वळले.

“रंगराव, जावई तुमचा, कॅमेरा जावयाचा, आन् निकाल बी कॅमेऱ्याचा. मग आमी बैलं आणली कशापायी?”

“गुलाबराव, कॅमेऱ्याला सासरवाडी नसती,” मामा म्हणाले.

“जावयाला असती न्हवं?”

“जावई खुंट्यासारका हुबा ऱ्हानार. काय, पाहुणं?”

“फक्त बटण दाबायचंय,” मी म्हणालो. “आणि फोटो तुमच्यासमोरच उघडू.”

फडतऱ्यांनी जरा विचार केला. “बरं. पर त्यो आवाज बंद म्हंत्यात त्ये खरं का? आमचा बी बैल बिचकतो.”

अशा रीतीने दोन्ही पक्षांनी, कमिटीने आणि दोन्ही बैलांनी एकमताने मूक शटर मंजूर केलं. माझ्या सदराला एवढा पाठिंबा कधी मिळाला नव्हता.

फायनलला पाच गाड्या होत्या. एका छकड्याला दोन बैल, वर एक गडी, आणि प्रत्येकाची आपापली चाकोरी. पाखऱ्याच्या जोडीला उसना बैल होता. चिठ्ठ्या पडल्या तेव्हा मामांची गाडी ट्रॉलीच्या अगदी जवळच्या चाकोरीत आली आणि फडतऱ्यांची सगळ्यात पलीकडच्या. मी उंचावर होतो. त्यामुळे माझ्या चौकटीत फडतऱ्यांची चाकोरी वरच्या बाजूला दिसत होती आणि आमची खालच्या. चौकट सुंदर जमली होती. दोन्ही बांबू एका रेषेत, मागे डोंगर, उन्हाचा तिरका उजेड. मी ट्रॉलीत शेजारी उभ्या शैलजाला म्हणालो, “बघ, कॉम्पोझिशन.” ती ओठ मिटून मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे बघत होती, जिथे तिचे वडील पाखऱ्याच्या कपाळाला कपाळ लावून उभे होते.

झेंडा पडला.

बैल येताना आधी दिसतात, मग ऐकू येतात, आणि मग जमिनीतून तुमच्या तळपायाला कळतात. ट्रॉली थरथरली. मी बटण दाबून धरलं. आवाज नाही, काही नाही. धुळीचा एक लोट डावीकडून उजवीकडे गेला, आणि त्यातून दोन गाड्या, एक अगदी जवळ आणि एक लांब, जोडीने निशाण ओलांडून गेल्या. बाकीच्या तीन मागे राहिल्या होत्या.

“कुनाची?” निवेदक भोंग्यातून ओरडला. “पंच! कुनाची?”

पंचाने झेंडा खाली ठेवला आणि हात जोडले. मग सगळं मैदान ट्रॉलीकडे धावलं.

मी लॅपटॉप उघडला. एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला फडतरे, आणि मागे कमिटीचे लोक ट्रॉलीच्या फळ्यांना लोंबकळलेले. पहिल्या चित्रात दोघेही रेषेच्या अलीकडे होते. त्यानंतरच्या चित्रात पाखऱ्याचं नाक रेषेवर होतं. आणि फडतऱ्यांचा बैल एक वीत मागे.

चित्र इतकं लख्ख होतं की पाखऱ्याच्या नाकपुडीवरचा फेस मोजून घ्यावा. मी बोटाने रेषा दाखवली. फडतरे वाकले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“वीतभर,” ते म्हणाले. “वीतभर म्होरं हाय तुमचा, रंगराव. रामराम.” आणि मामांचा हात हातात घेऊन खाली उतरले. भांडण नाही, शिवी नाही. मला तर जरा निराशाच वाटली.

मग गुलाल उडाला. मामांना खांद्यावर घेतलं, पाखऱ्याला घेता येईना म्हणून त्याच्या अंगावर पोत्याने गुलाल ओतला. तांबूस बैल लालभडक झाला. लोक माझ्याही पाठीवर थापा मारत होते. ते विजय बैलाचा मानत होते, पण फोटो माझा होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या फोटोचा उपयोग काय, हे मला कुणी विचारत नव्हतं. शैलजा रडत होती आणि हसत होती. निवेदकाने मानाची ढाल स्टेजवर मांडून ठेवली आणि मामांचं नाव पुकारायला सुरुवात केली.

मामा ढालीकडे गेले नाहीत. खांद्यावरून उतरून ते परत ट्रॉलीत चढले. डोळ्यांच्या पापण्यांवरसुद्धा गुलाल.

“पाहुणं, त्यो फोटू दावा परत. डोळं भरून बघतो.”

मी दाखवला. त्यांनी पाखऱ्याकडे पाहिलं, छकड्यावरच्या गड्याकडे पाहिलं, आणि मग त्यांचं बोट छकड्याच्या चाकावर जाऊन थांबलं.

“ह्ये काय केलंय?”

“काय?”

“माझं चाक तिरकं दाखवलंय तुमी.”

चाक खरंच तिरकं दिसत होतं. वरून कुणी मागे ओढलं आणि खालून पुढे ढकललं, असं. गोल चाकाचं कलतं अंडं झालं होतं. ते चाक घडवून घ्यायला मामा सुताराच्या अंगणात ठाण मांडून बसले होते, हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्यात चिमूटभर खोट काढणं म्हणजे मुलीच्या स्थळाला नाक मुरडण्यासारखं होतं.

“तुमचा कॅमेरा वाकडा बसलाय,” मामा म्हणाले.

“कॅमेरा सरळ आहे. ते बांबू बघा, कसे ताठ दिसतायत.”

“मग बांबू ताठ आन् चाक तिरकं, ह्ये कसं?”

आता मला दुसरं कुणी काहीही विचारलं असतं तर मी विचार करून बोललो असतो. पण प्रश्न कॅमेऱ्याचा होता. अशा वेळी माझं तोंड माझ्या आधी निघतं.

“त्याचं काय आहे, मामा, हे मूक शटर सगळं चित्र एका दमात घेत नाही. वरून खाली, ओळीओळीने वाचत येतं. आपण पेपर वाचतो ना, तसं. वरची ओळ आधी, खालची मागाहून. पापणी लवायच्या आतच संपतं सगळं, पण तेवढ्यात पळणारी वस्तू सरकते. चाकाचा वरचा भाग आधी वाचला. खालचा वाचेपर्यंत चाक पुढे गेलं. म्हणून तिरकं. बांबू पळत नाहीत, म्हणून ते ताठ. आवाजाचं शटर लावलं असतं तर एवढा फरक...”

इथे शैलजाने माझ्या पायावर पाय ठेवला. पण तोवर मलाही दिसलं होतं की माझं वाक्य कुठल्या दिशेने पळतंय. मी ते थांबवलं. फार उशीर झाला होता. मामा चित्राकडे बघत होते, आणि त्यांचं बोट चाकावरून हळूहळू वर सरकत होतं.

“फोटूत वरच्या अंगाला कोन हाय?”

“फडतरे.”

“आन् खालच्या?”

“आपण.”

“म्हंजी त्याचा बैल आधी वाचला, आन् पाखऱ्याला मागनं. तवर पाखऱ्या पळतच व्हता.”

मी मान हलवली.

“किती पळला आसंल तेवढ्यात?”

मी मनातल्या मनात हिशेब केला. दोनदा केला. दुसऱ्यांदा काही वेगळं येईल अशी आशा होती.

“वीतभर. थोडं कमी, थोडं जास्त.”

खाली लोक त्यांच्या नावाने ओरडत होते. स्टेजवर निवेदक तिसऱ्यांदा पुकारत होता, “रंगराव घार्गे, कुटं हायसा, ढाल वाट बघतीया!”

“दादा,” शैलजा हळूच म्हणाली. लहानपणापासून ती वडिलांना दादाच म्हणते. “चाक तिरकं आहे ते इथे कुणालाही दिसलेलं नाही. फडतऱ्यांनाही नाही.”

“मला दिसलं न्हवं?”

“तुम्ही नाही बघितलं असं समजा.”

“समजतो की. पर घरी ग्येल्यावर ढाल भितीला लावणार. रोज सकाळी उठून ढालीकडं बघणार, आन् मला चाक दिसणार. काय उपेग त्या ढालीचा?”

मामांनी लॅपटॉपवर पडलेला गुलाल उपरण्याने पुसला, तो आणखी पसरवला, आणि म्हणाले, “आवाज बंद करा म्हनून म्याच सांगितलं व्हतं. न्हाई का?”

“तुम्ही सांगितलंत, पण मला कळायला हवं होतं...”

“ऱ्हावू द्या. दोघं बी शानं,” मामा म्हणाले आणि ट्रॉलीतून उतरले.

मी त्यांच्या मागे जायला निघालो. शैलजाने मला धरलं. “जाऊ द्या त्यांना,” ती म्हणाली. “अडवलेलं आवडत नाही त्यांना.” मी तिच्याकडे पाहिलं. थोड्या वेळापूर्वी जिने वडिलांना गप्प बसायला सांगितलं होतं, ती आता त्यांच्या पाठीकडे अशी बघत होती की मी जन्मात काढलेल्या कुठल्याच फोटोकडे तिने तसं पाहिलेलं नाही.

मामा स्टेजवर चढले. निवेदक हार घालायला पुढे आला, तो त्यांनी बाजूला सारला आणि माईक घेतला. माईक त्यांना कधी सवयीचा नव्हता. त्यांनी तो कणसासारखा धरला.

“गप ऱ्हावा जरा. फोटूत आमचा पाखऱ्या वीतभर म्होरं दिसतोय. ती वीत बैलाची न्हाई, कॅमेऱ्याची हाय. कॅमेरा वरनं खाली वाचतो. त्यानं फडतऱ्याचं बैल आधी वाचलं, आन् आमचं मागनं. तवर आमचा वीतभर सरकला. माझ्या चाकावर दिसतंय त्ये. ज्याला बघायचं त्यानं येऊन बघा, जावई ट्रॉलीत बसलाय. मैदान फडतऱ्याचं.”

हलग्या थांबल्या आणि हलगीवाल्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग एकदम गलका उठला. आमच्याच गावचे लोक ओरडायला लागले. मामांना खुळं ठरवलं, मला त्याहून जास्त. एक जण तर म्हणाला, “जावई फडतऱ्याचा हाय का ह्यांचा?” कमिटीवाले वर आले. मी सगळ्यांना चाक दाखवलं, बांबू दाखवले, पेपर वाचण्याचं उदाहरण परत दिलं. माझ्या सदराचा एकही वाचक त्यांत नव्हता. सगळ्यांना पहिल्याच झटक्यात समजलं.

“मग नक्की कोन आलं?” कमिटीच्या अध्यक्षांनी विचारलं.

“बहुतेक फडतरे. फार तर बरोबरीत. आपला पुढे नव्हता, एवढं नक्की.”

“परत पळवूया का मग? दोघंच?”

“न्हाई,” मामा स्टेजवरून म्हणाले. “बैलानं पळायचं तेवढं पळून झालंय.”

फडतऱ्यांना बोलावलं. ते गर्दीतून चालत आले, ढालीपाशी न थांबता मामांसमोर उभे राहिले.

“रंगराव, म्या तर मान्य केलं व्हतं,” फडतरे म्हणाले.

“तुमाला ठावं नव्हतं.”

“आन् आता गुलाल वाटून झालाय. उधळलेला गुलाल कुनी माघारी घेतलाय का आजवर?”

हा खरा पेच होता. आमच्या भागात मैदानाचा गुलाल एकदाच उधळतात. तो ज्याच्या अंगावर पडला त्याचं मैदान. ढाल बदलता येते, गुलाल नाही. कमिटीने गुलालाचं नवं पोतं आणायचं का जुनं ग्राह्य धरायचं, यावर बसल्या जागी दोन तट पडले.

फडतरे त्या वादात पडले नाहीत. ते स्टेजवरून उतरले आणि सरळ पाखऱ्याकडे गेले. बैल दमून मान खाली घालून उभा होता. फडतऱ्यांनी त्याच्या पाठीवरून पंजा फिरवला, लाल झालेला तळहात सगळ्यांना दिसेल असा वर धरला, आणि चालत जाऊन तो आपल्या बैलाच्या कपाळावर टेकवला.

“एवढा बास,” ते म्हणाले. “बाकीचा त्याच्याच अंगावर ऱ्हावू द्या.”

हलग्या परत सुरू झाल्या. कुणासाठी वाजवायच्या हे हलगीवाल्यांना बहुधा ठरवता आलं नाही, म्हणून त्यांनी फार जोरात वाजवल्या.

ढाल पिंपळदऱ्याला गेली. गुलाल घेऊन पाखऱ्या पायी घरी आला. मामा त्याचा कासरा धरून पुढे, मी ट्रायपॉड खांद्यावर घेऊन मागे, आणि शैलजा मधे. तिने वाटेत माझ्या हातातली लेन्सची पेटी आपल्याकडे घेतली. लग्नानंतर ती पेटी तिने पहिल्यांदाच उचलली होती, आणि ‘किती जड आहे हे’ असं एकदाही म्हणाली नाही.

पुढे मी पाखऱ्याचा एक खास फोटो काढला. सकाळचा मऊ उजेड, मागचं सगळं धूसर, डोळ्यात बरोबर प्रकाशाचा ठिपका. त्या लेन्सवर मी सदरात कौतुकाने लिहिलेलंही होतं. फ्रेम करून मामांना दिला. त्यांनी तो बघितला, “ब्येस” म्हणाले, आणि कपाटात ठेवला.

“मला त्यो द्या,” ते म्हणाले. “तिरक्या चाकाचा.”

“तो चुकलेला आहे, मामा.”

“म्हनून तर.”

तो आता त्यांच्या सोप्यात लावलेला आहे, जिथे ढाल लागायची होती तिथे. पाखऱ्या बांधावर सावलीत बसून असतो, आणि मामा येईल त्या पाहुण्याला चहाच्या आधी त्या फोटोपुढे उभं करतात. “ह्यो फोटू खोटा हाय,” ते छाती पुढे काढून सांगतात. “माझ्या जावयानं काढलाय.” मग चाक, मग बांबू, मग पेपर वाचण्याचं उदाहरण. ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतात. फडतरे दिवाळीला आले होते, त्यांनाही सांगितलं. फडतऱ्यांनी सगळं पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकून घेतलं.

मध्यंतरी गावातल्या एकाला मुलासाठी कॅमेरा घ्यायचा होता. मी सोप्यातच बसलो होतो. त्याने मला विचारलं, “सर, कुठला घ्यावा?” मी सेन्सरच्या आकारापासून सुरुवात करायला घसा साफ केला.

“कुठला बी घे,” मामा म्हणाले. “फकस्त चाक तिरकं आलं तर ईचारत जा, कशानं आलं.”

तो मान डोलावून गेला. सदर मी अजूनही लिहितो. त्यानंतर त्यात घालण्यासारखं मला फारसं काही सुचलेलं नाही.